गिअर अडतो, दोष टेन्शनरचा?

प्रश्न : वडिलांची जुनी ३५० सीसी बुलेट माझ्याकडे आहे. चार गिअर, गिअरची दांडी उजव्या पायाला. मी मुंबईत नोकरीला. गाडी रत्नागिरीच्या घरी पडवीत ताडपत्रीखाली असते. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात आलो की तिच्यावरून फिरणं होतं. अलीकडे पहिला गिअर टाकताना ‘खडाक्’ होतं, मारुती मंदिरच्या सर्कलला गर्दीत थांबलो की न्यूट्रल सापडता सापडत नाही आणि आंबा घाट उतरताना डाव्या बाजूच्या कव्हरातून खळखळ ऐकू येते. एक मित्र म्हणतो, ‘प्रायमरी चेनचा टेन्शनर काढून स्प्रिंगवाला ऑटोमॅटिक बसव, गिअर एकदम मऊ पडेल.’ हे खरं का? आणि चेनच्या टेन्शनरचा गिअरशी संबंध तरी काय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमच्या पत्रात एक नव्हे, दोन आजार आहेत. घाटातली खळखळ हा चेनचा आजार. ‘खडाक्’ आणि हरवलेलं न्यूट्रल हा बहुतेक वेळा क्लचचा. तुमच्या मित्रानं पहिल्याचं औषध दुसऱ्यालाही लागू पडेल असं सांगितलं. ते अगदीच खोटं नाही, कारण चेन आणि क्लच एकाच कव्हरात, एकाच तेलात राहतात आणि एकाच्या खोडीचा त्रास दुसऱ्याला होतो. पण नुसता टेन्शनर बदलून गिअर मऊ होईल असं धरून पैसे खर्च केलेत, तर खळखळ थांबेल आणि ‘खडाक्’ तसाच राहील, ही शक्यता जास्त.

आता संबंध पाहू. त्याआधी एक घोळ सोडवायला हवा, कारण ‘चेन टाइट करून घ्या’ हे वाक्य गॅरेजात तीन वेगवेगळ्या चेनींबद्दल बोललं जातं.

कोणती चेन?

मागच्या चाकाला फिरवणारी, बाहेरून दिसणारी ती ड्राइव्ह चेन. ती सर्वांच्या ओळखीची. दुसरी टायमिंग चेन. ती इंजिनाच्या डोक्यावरचा कॅमशाफ्ट फिरवते आणि आजच्या बहुतेक १०० ते १५० सीसी गाड्यांत असते. स्प्लेंडरवाला ‘टेन्शनर गेलाय’ म्हणतो तेव्हा तो या चेनच्या टेन्शनरबद्दल बोलत असतो. तुमच्या बुलेटमध्ये ही चेनच नाही. तिथे व्हॉल्व्ह उघडझाप करण्यासाठी खालून वर जाणारे पुशरॉड असतात आणि त्यांना हलवणारे कॅम दातेरी चाकांवर फिरतात.

तिसरी ती प्रायमरी चेन. इंजिनाच्या क्रँकवरचं लहान स्प्रॉकेट आणि क्लचचं मोठं स्प्रॉकेट यांना ती जोडते. बुलेटमध्ये ती दुहेरी म्हणजे दोन ओळींची असते, एका कडीची लांबी ३/८ इंच. डाव्या बाजूच्या त्या गुळगुळीत फुगीर कव्हराखाली ती तेलात फिरते. इंजिनाचा सगळा जोर आधी या चेनमधून क्लचला, क्लचमधून गिअरबॉक्सला आणि तिथून ड्राइव्ह चेनमार्गे मागच्या चाकाला जातो.

ही चेन आज बऱ्याच गाड्यांत नाही. बहुतेक जपानी धाटणीच्या गाड्यांत क्रँक आणि क्लच थेट दातेरी चाकांनी जोडलेले असतात, म्हणून तिथे प्रायमरी चेनही नाही आणि तिचा टेन्शनरही नाही. जुन्या जावा-येझदीत प्रायमरी चेन आहे, पण टेन्शनर नाही. दोन्ही स्प्रॉकेटं जवळजवळ असल्यानं चेन झिजली की सरळ बदलायची, असा तिथला हिशोब.

बुलेटला टेन्शनर कशाला लागला?

याचं उत्तर गाडीच्या बांधणीत आहे. बुलेटची ही बांधणी इंग्लंडमधल्या रेडिचची. स्वतंत्र भारतात १९४९ पासून ही गाडी येऊ लागली, लष्करानं सरहद्दीवरच्या गस्तीसाठी ती पसंत केली आणि १९५५ मध्ये मद्रासला तिच्या जुळणीचं काम सुरू झालं. पुढे रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, पण मद्रासमध्ये तेच इंजिन थोड्याफार फरकानं कित्येक दशकं बनत राहिलं. तुमच्या वडिलांची गाडी त्याच घराण्यातली.

त्या काळच्या इतर बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा, दोन्ही चासीवर स्वतंत्र बसवलेले. प्रायमरी चेन ढिली झाली की गिअरबॉक्सचे नट सैल करून तो थोडा मागे ओढायचा आणि पुन्हा आवळायचा. बुलेटमध्ये मात्र गिअरबॉक्स इंजिनाच्या पाठीला घट्ट बोल्टनं जोडलेला आहे. तो मागेपुढे होत नाही. त्यामुळे क्रँक आणि क्लच यांच्यातलं अंतर कायमचं ठरलेलं. मग ढिली चेन ताणायची कशी? तर तिच्या खालच्या पदराला खालून वर दाबणारी एक वक्र पट्टी बसवायची आणि ती स्क्रूनं वरखाली करायची. ही पट्टी म्हणजेच तुमच्या गाडीतला मूळ टेन्शनर. त्यात स्प्रिंग नाही, आपोआप काही नाही. माणसानं लक्ष ठेवायचं आणि वेळेवर स्क्रू फिरवायचा.

पुढे आलेल्या, इंजिन-गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या यूसीई बुलेटमध्ये प्रायमरी चेन राहिली, पण टेन्शनर स्प्रिंगच्या जोरावर स्वतः सावरणारा आला. त्यानंतरच्या जे-सिरीज इंजिनात, म्हणजे २०२० ची मीटिऑर आणि २०२१ ची नवी क्लासिक ३५० यांत, प्रायमरी चेनच गेली आणि दातेरी चाकं आली.

घाटातच का वाजते?

गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहून पाहिलं तर चेनचे दोन पदर दिसतील, वरचा आणि खालचा. ॲक्सिलरेटर दिलेला असताना इंजिन क्लचला ओढतं. तेव्हा वरचा पदर ताठ आणि खालचा सैल असतो. खालच्या सैल पदराला टेन्शनरची पट्टी आधार देते. म्हणून पाली-साखरप्यापर्यंत गाडी जोरात जात असते तेव्हा फारसं काही ऐकू येत नाही.

आंबा घाटाच्या उतारावर तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता. आता उलटं होतं. चाक इंजिनाला ढकलायला लागतं, क्लच पुढे आणि इंजिन मागे ओढलं जातं. ताण वरच्या पदरातून खालच्या पदरात जातो. तो खालचा पदर टेन्शनरच्या पट्टीला दाबून सरळ होऊ बघतो आणि वरचा सैल पडतो. वळणावर पुन्हा थोडं ॲक्सिलरेटर दिलं की पुन्हा अदलाबदल. चेन झिजलेली आणि पट्टीत खाचा पडलेल्या असतील तर दर अदलाबदलीला चेन उडते, कव्हराच्या आत आपटते. तीच तुमची खळखळ. गणपतीपुळ्याच्या वाटेवर आरे-वारेच्या चढउतारांनाही हे ऐकू यायला हवं. नसेल येत तर पुढच्या वेळी मुद्दाम कान देऊन पाहा.

एक सिलिंडर आणि फोर-स्ट्रोक असल्यानं बुलेटचा जोर तसाही सलग येत नाही. क्रँकच्या दोन फेऱ्यांना एक धक्का. मिनिटाला १,००० फेऱ्यांवर इंजिन रेंगाळत असेल तर सेकंदाला जेमतेम आठ धक्के. दोन धक्क्यांच्या मध्ये चेन क्षणभर सैल पडते. म्हणून ढिल्या चेनचा आवाज वेग कमी असताना अधिक ठळक होतो आणि वेग वाढला की विरतो.

किती ढिली म्हणजे ढिली?

चेन ‘ताणली गेली’ असं आपण म्हणतो, पण पोलाद रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीची नळी झिजते. एका कडीमागे मिलिमीटरचा शंभरावा भाग झिजला आणि चेनमध्ये नव्वदच्या आसपास कड्या असल्या, तर एकूण लांबी जवळजवळ एक मिलिमीटरनं वाढते. एक मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण अंगणात बांधलेली कपड्यांची दोरी आठवा. खुंट्यांमधल्या अंतरापेक्षा ती बोटभर लांब झाली, तरी मधोमध हातभर लोंबते. चेनचंही तसंच. समजा दोन स्प्रॉकेटांमधला वरचा पदर २० सेंटीमीटर लांब आहे आणि खालचा ताठ धरून वरचा मधोमध ६ मिलिमीटर दबतो. तर त्या पदराची जादा लांबी असते अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी.

हा हिशोब उलट बाजूनंही लक्षात ठेवायचा. इंजिन तापलं की कवच फुगतं. ते ॲल्युमिनियमचं, चेन पोलादाची. आणि ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. त्याच २० सेंटीमीटरवर तापमान ६० अंशांनी वाढलं, तर क्रँक आणि क्लच यांतलं अंतर चेनपेक्षा मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकं जास्त वाढतं. थंड असताना तुम्ही चेन ताठ करून ठेवली असेल, तर गरम झाल्यावर तिला जायला जागाच उरत नाही. मग तो ताण क्रँकच्या आणि गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टच्या बेअरिंगवर बसतो. म्हणून जुन्या बुलेटला थंड इंजिनावर साधारण पाव इंच, म्हणजे ६ मिलिमीटर, एवढा खेळ ठेवतात. तोही सगळ्यात ताठ लागणाऱ्या जागी. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. म्हणून किकनं इंजिन हळूहळू फिरवत चार-सहा ठिकाणी बोटानं दाबून पाहायचं, जिथे सर्वांत कमी खेळ असेल तिथेच मोजायचं. ढिल्या जागी मोजून आवळलेली चेन ताठ जागी बेअरिंग खाते.

मग गिअरचा संबंध?

गिअर बदलताना गिअरबॉक्सच्या आत चाकांच्या बाजूला असलेले जाडजूड दात एकमेकांच्या खाचांत शिरतात. मेकॅनिक त्यांना डॉग म्हणतात. दोन्हींचा वेग जवळजवळ सारखा असेल तर ते अलगद शिरतात. नसेल तर एकमेकांवर आपटतात. तुमचा ‘खडाक्’ तो हाच.

गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रलमध्ये. मागचं चाक थांबलेलं, पण गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट क्लचबरोबर गरगरतोय. तुम्ही क्लच दाबता. आता प्लेटा सुट्या होऊन मेनशाफ्ट थांबायला हवा. प्लेटा नीट सुट्या झाल्या नाहीत, तर तो थोडा ओढला जातच राहतो. फिरत्या शाफ्टवर पहिला गिअर टाकला की खडाक्. सर्कलला पहिल्यातून न्यूट्रलला यायचं तर त्याच ओढीमुळे डॉग एकमेकांना घट्ट दाबून बसलेले असतात आणि सुटत नाहीत. म्हणून न्यूट्रल हरवतं. दोन्ही लक्षणांचं मूळ एकच, अर्धवट सुटणारा क्लच.

इथे प्रायमरी चेनचा हात दोन प्रकारे असू शकतो. एक, चेन फार ताठ असेल तर ती क्लचचा डबा पुढच्या बाजूला ओढून धरते. डब्याच्या बेअरिंगमध्ये झीज असली की डबा किंचित तिरका होतो, प्लेटा एका बाजूला सुटतात आणि दुसऱ्या बाजूला चिकटून राहतात. दोन, चेन फार ढिली असेल तर चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडून गिअर बदलताना जो क्षणभर ताण सुटायला हवा, तो एकदम सुटून पुन्हा धक्क्यानं बसतो. तेव्हा दुसरा-तिसरा गिअर टाकताना झटका जाणवतो. तुमची तक्रार मात्र उभ्या गाडीची आहे. त्यामुळे ढिल्या चेनला तिचा दोष देता येत नाही.

मग मित्रानं ऐकलं ते खोटं का?

नाही, ते दुसऱ्या गाडीबद्दल खरं आहे. अमेरिकेत हार्ली-डेव्हिडसननं २००६-०७ च्या सुमारास मोठ्या इंजिनांच्या गाड्यांत प्रायमरी चेनला आपोआप सावरणारा टेन्शनर दिला. त्याची रचना पायऱ्यांच्या अडकणीची. चेन सैल झाली की तो एक पायरी पुढे सरकतो, पण मागे येत नाही. काही चालकांची तक्रार अशी की, क्षणिक धक्क्यानं चेन उडाली तरी तो पुढे सरकतो आणि मग चेन गरजेपेक्षा ताठच राहते. ताठ चेन, ओढलेला क्लच, अवघड न्यूट्रल. त्या जागी मागेपुढे होणारा स्प्रिंगचा टेन्शनर बसवल्यावर त्यांचे गिअर खरंच हलके झाले, कारण त्यांचा रोगच चेनच्या फाजील ताणाचा होता. तुमच्या बुलेटची चेन वाजते, म्हणजे ती ढिली आहे. एकाच औषधानं दोन उलट रोग बरे व्हायची अपेक्षा कशी धरायची?

शिवाय स्प्रिंगवाल्या टेन्शनरचा स्वतःचा एक गुण आहे. उतारावर खालचा पदर ताठ होतो तेव्हा तो स्प्रिंगला दाबतो. स्प्रिंग नरम असेल तर टेन्शनर मागे जातो आणि खळखळ पुरती थांबत नाही. कडक असेल तर चेन कायम दाबाखाली राहून पट्टी लवकर झिजते. स्क्रूवरचा जुना टेन्शनर मात्र एकदा लावला की जागचा हलत नाही. ज्याला दर काही महिन्यांनी कव्हर उघडायचा कंटाळा, त्याला ऑटोमॅटिक सोयीचा. ज्याची गाडी वर्षातून थोडीच चालते, त्याची चेन तेवढ्या वापरात इतकी झिजत नाही की दर वेळी आवळावी लागेल. तुमची गाडी तशीच आहे.

रत्नागिरीच्या हवेत काय वेगळं?

बरंच. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि बाकी आठ महिने समुद्राचा खारा वारा. चाकरमान्याच्या गाडीला याचा फटका चालताना कमी आणि उभी असताना जास्त बसतो.

पहिला फटका प्लेटांना. महिनोन्महिने गाडी उभी राहिली की क्लचच्या प्लेटांमधलं तेल निथळतं आणि त्या एकमेकींना चिकटतात. मग पहिल्या दिवशी क्लच दाबला तरी त्या सुटत नाहीत. तुमचा ‘खडाक्’ सुट्टीच्या पहिल्या दिवशी जास्त आणि चार दिवसांनी कमी होत असेल, तर कारण हेच समजा. जुन्या बुलेटला यावर फुकटचा उपाय आहे. गाडी सुरू करण्याआधी क्लच पूर्ण दाबून किक मारा. या गाडीची किक गिअरबॉक्समधून क्लचमार्गे इंजिनाला फिरवते. त्यामुळे प्लेटा सुटलेल्या असतील तर किक मोकळी खाली जाईल, इंजिन फिरणार नाही. किकला नेहमीसारखाच जोर लागला, तर प्लेटा चिकटल्यात. तशाच चार-पाच किका मारल्या की बहुधा सुटतात.

दुसरा फटका केबलला. खाऱ्या हवेनं केबलच्या आतली तार गंजते, लिव्हर जड होतं आणि पूर्ण दाबूनही केबल पूर्ण खेचली जात नाही. लिव्हरच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळा खेळ हवा. त्याहून जास्त असेल तर प्लेटा अर्धवट सुटतात आणि अजिबात नसेल तर क्लच घसरतो. नवी केबल ही या सगळ्या यादीतली सर्वांत स्वस्त दुरुस्ती आणि कोकणात ती दर दोन-तीन वर्षांनी करून टाकलेली बरी.

तिसरा फटका पाण्याचा. जुन्या गाडीचं डावं कव्हर एकाच मोठ्या नटावर आणि रबरी रिंगच्या भरवशावर बसलेलं असतं. रिंग कडक झाली की आतलं तेल बाहेर येतं हे सगळ्यांना दिसतं. पावसात साठलेल्या पाण्यातून गाडी नेली की बाहेरचं पाणी आत जातं हे दिसत नाही. तेल काढून पाहा. दुधाळ झालं असेल तर पाणी गेलंय. त्या तेलात चेन आणि पट्टी दुप्पट वेगानं झिजतात आणि प्लेटाही चिकटतात.

आधी काय तपासू?

घरच्या घरी, पाना हातात न घेता तीन गोष्टी पाहता येतात.

इंजिन बंद ठेवा, गाडी थोडी पुढेमागे हलवत सगळे गिअर टाकून पाहा. इथेही गिअर अडत असेल किंवा दोन गिअरांच्या मध्ये खोटा न्यूट्रल लागत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या आतल्या जुळवणीत आहे. त्याला क्लच किंवा चेन जबाबदार नाही.

गाडी मेन स्टँडवर, इंजिन चालू, न्यूट्रल. क्लच दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि मग पहिला गिअर टाका. आवाज कमी झाला तर क्लच सुटतो, पण सावकाश. तेल जाड किंवा जुनं असेल. थांबूनही तोच ‘खडाक्’ आला आणि क्लच दाबलेला असतानाही मागचं चाक जोरात फिरत राहिलं, तर क्लच ओढतोय. केबल, प्लेटा, क्लचच्या स्प्रिंगा सारख्या आवळलेल्या आहेत की नाही, हे त्या क्रमानं पाहून घ्या.

गरम इंजिनावर गाडी रेंगाळत ठेवून डाव्या कव्हराजवळ कान न्या. लयीत आपटल्यासारखा आवाज येत असेल आणि ॲक्सिलरेटर थोडा दिल्यावर विरत असेल, तर प्रायमरी चेन ढिली आहे.

कव्हर उघडायचं असेल तर गाडीखाली तेलासाठी ताट ठेवा, बॅटरीची तार काढा आणि स्पार्क प्लग बाहेर काढूनच किकनं चेन फिरवा. चेन आणि स्प्रॉकेट यांच्यामध्ये बोट जाऊ देऊ नका. अल्टरनेटरच्या तारा याच कव्हरात असतात. चेन मोजताना त्या चेनला घासत नाहीत ना, हेही पाहून घ्या.

खर्च कोणत्या क्रमानं करू?

स्वस्तातून महागाकडे जा. क्लच दाबून किक मारायला काहीच लागत नाही. मग केबल आणि तिचा खेळ. मग डाव्या कव्हरातलं तेल बदलणं आणि त्याच वेळी रबरी रिंग नवी टाकणं. कव्हर उघडलेलंच आहे तर चेनचा खेळ मोजणं आणि स्क्रूनं लावणं. इथपर्यंत आलात की बहुतेक गाड्यांचा ‘खडाक्’ पुष्कळ कमी झालेला असतो आणि खळखळही. यानंतरही क्लच ओढत असेल तर प्लेटा. स्क्रू शेवटपर्यंत वर नेऊनही चेन ढिलीच राहत असेल, तर टेन्शनर बदलून उपयोग नाही; चेनचं आयुष्य संपलंय. चेन बदलताना दोन्ही स्प्रॉकेटांचे दात बघा. एका बाजूला कललेले, टोकदार झालेले दात नवी चेन लवकर खातात.

टेन्शनरची पट्टी बदलायची वेळ मात्र एका गोष्टीवरून कळते. तिच्या पाठीवर चेननं दोन खोल चर पाडलेले असतील आणि चेन त्या चरांत बसून धावत असेल, तर पट्टी नवी टाका. स्क्रूवरचीच, मूळ धाटणीची. ऑटोमॅटिक बसवायचाच असेल तर तो तुमच्याच गाडीसाठी बनवलेला आहे का, त्याची स्प्रिंग मागे येते की पायरीवर अडकते, आणि पुन्हा जुना स्क्रूवाला बसवता येईल का, हे तीन प्रश्न आधी विचारा.

याच विषयावर आणखी काही वाचक विचारतात :

प्रश्न : माझी २०१३ ची क्लासिक ३५० आहे. तिची प्रायमरी चेन कधी आवळायची?
उत्तर : ती यूसीई आहे, टेन्शनर आपोआप सावरतो. तुम्ही आवळायला जाऊ नका. आवाज वाढला तर पट्टी, स्प्रिंग आणि चेन तपासून घ्या. या गाडीत इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच तेल असतं. म्हणून कंपनीनं सांगितलेलं १५डब्ल्यू-५० तेलच आणि तेही ओल्या क्लचसाठीच्या जासो एमए दर्जाचं घाला. मोटारीचं तेल स्वस्त मिळालं म्हणून घातलं, तर क्लच घसरू लागेल.

प्रश्न : पहिल्यातून न्यूट्रल मिळत नाही, तर उजव्या टाचेजवळची ती छोटी दांडी दाबली तर चालते का?
उत्तर : ती न्यूट्रल शोधायचीच दांडी आहे, पण ती दुसऱ्या, तिसऱ्या आणि टॉप गिअरमधून काम करते. सर्कल किंवा सिग्नल जवळ आला की पहिल्यावर न उतरता दुसऱ्यावर असतानाच क्लच दाबून ती टाचेनं दाबा. जुने बुलेटवाले तसंच करतात. मात्र दर वेळी तिचाच आधार घ्यावा लागत असेल, तर क्लच दुरुस्तीला आलाय.

प्रश्न : माझी २०२२ ची नवी क्लासिक आहे. तिला चांगल्या कंपनीचा प्रायमरी टेन्शनर बसवला तर गिअर सुधारेल?
उत्तर : बसवणार कशावर? त्या गाडीत प्रायमरी चेनच नाही. कुणी तो विकायला आणला, तर विकणाऱ्याला आधी कव्हर उघडून चेन दाखवायला सांगा. आणि जुन्या बुलेटवाल्यांनीही गॅरेजात तेच करावं : काढलेली पट्टी हातात घेऊन तिच्यावरचे चर स्वतः पाहावेत, मगच नव्या टेन्शनरचे पैसे द्यावेत.